ज्याअर्थी, त्याअर्थी

काही वर्षं मी कायद्याची मराठी पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात प्रुफं वाचायचं काम केलं. कलम, पोटकलम, खंड, परंतुक, स्पष्टीकरण यांत दिवस जायचा. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचणार आणि दुसरीने प्रुफावर बोट ठेवून ओळीमागून ओळ चालत जायचं, अशी आमची पद्धत होती. स्वल्पविराम एक घर सरकला तरी अर्थ फिरतो, म्हणून बोट उचलायचं नाही. एका संध्याकाळी एका लहानशा कायद्याचं पुस्तक छपाईला जायचं होतं आणि पानं फर्म्यात बसत नव्हती. दोन जास्त होत होती. वरून निरोप आला, ‘मागचं ते उद्देश व कारणांचं निवेदन काढून टाका. तो काही कायद्याचा भाग नाही.’

मी ती दोन पानं काढली. निरोप नियमाला धरूनच होता. पुस्तकात एकही कलम कमी झालं नाही, एकही शब्द खोटा झाला नाही. पुढे दोन-तीन महिन्यांनी एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर सरळ, शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं. कलमं समजली, असं त्यांनी लिहिलं होतं, पण सरकारला हा कायदा का करावासा वाटला ते पुस्तकात कुठे सापडेना, पान सांगावे. त्यांना सांगायला पान नव्हतं. मी त्या दोन पानांच्या झेरॉक्स काढून त्यांना पाठवल्या, आणि त्या दिवसापासून मला विधेयकाची मागची पानं आधी वाचायची सवय लागली. ती अजून आहे.

ज्यांनी विधेयक कधी हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. राज्याच्या विधिमंडळात मंत्री विधेयक मांडतात तेव्हा त्याला नाव असतं, नावाखाली तो कायदा कशाकरिता हे सांगणारं एक लांबलचक वाक्य असतं, मग कलमं. काही विधेयकांना कलमांच्या आधी प्रस्तावना असते, सगळ्यांना नसते. कलमं संपली की ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ येतं. त्याच्या खाली गावाचं नाव, तारीख आणि खात्याच्या मंत्र्यांचं नाव. त्याच्यानंतर खर्चाचं ज्ञापन, आणि नियम करायचे कोणते अधिकार सरकारकडे सोपवले त्याचं ज्ञापन. विधेयक मंजूर होऊन अधिनियम झालं की कलमं उरतात, प्रस्तावना असेल तर तीही उरते. निवेदन मात्र मागे राहतं, राजपत्राच्या जुन्या अंकात. झाड लावताना आधाराला काठी बांधावी आणि झाड उभं राहिलं की ती सोडवून घ्यावी, तसं.

मला हे पटत नाही. निवेदन ही काठी नव्हे. सरकार आपल्या तोंडाने, सही करून, लोकांना सांगतं की अमुक दुखणं आहे आणि त्यावर आम्ही अमुक औषध देतो आहोत. विधेयक मांडताना हे सांगणं विधिमंडळाच्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. एवढा एकच कागद असा आहे की जिथे राज्य ‘असं करा’ म्हणायच्या आधी ‘का’ ते सांगतं.

आणि ते मराठीत सांगतं. हे आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असतं. महाराष्ट्राच्या अधिनियमांची इंग्रजी प्रत उघडली तर पहिल्याच पानावर छापलेलं असतं की संविधानाच्या अनुच्छेद ३४८ खंड (३) अन्वये हे इंग्रजी भाषांतर राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध करण्यात येत आहे. भाषांतर! म्हणजे मूळ मराठी. उच्च न्यायालयात काथ्याकूट होतो तो इंग्रजी पाठावर, कारण संविधानाने त्यालाच अधिकृत मानलं आहे, हे खरं. तरी सभागृहात मांडलेलं, वाचलेलं, मतदान झालेलं विधेयक आपल्या भाषेतलं असतं. ज्या दिवशी हे मला पहिल्यांदा उमगलं त्या दिवशी मी जेवायची सुट्टी संपली तरी तशीच बसून होते. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की कायदा म्हणजे वरून, परक्या भाषेत आलेलं काहीतरी आणि आपण फक्त त्याचं मराठी करतो.

प्रस्तावनेची मराठी एका ठरलेल्या चालीने जाते. ‘ज्याअर्थी, अमुक करणे इष्ट आहे, आणि ज्याअर्थी, तमुक, त्याअर्थी आता, भारतीय गणराज्याच्या अमुकाव्या वर्षी, याद्वारे पुढील अधिनियम करण्यात येत आहे.’ नवीन माणसाला ही भाषा जड वाटते. मला ती आवडू लागली, ती मोठ्याने वाचायची सवय असल्यामुळे असेल. ‘ज्याअर्थी’ म्हटलं की श्वास अर्धवट राहतो. वाक्य हवेत तरंगत राहतं. ‘त्याअर्थी’ आल्याशिवाय ते खाली उतरत नाही. ज्याने कुणी ही जोडी मराठी कायद्यात बसवली त्याला एवढं नक्की कळलं होतं की आधी कारण द्यायचं असतं आणि मग हुकूम, आणि त्या दोघांना बांधणारी गाठ वाक्यातच मारावी लागते. ‘इष्ट’ हा शब्दही पाहा. घरात तो देवासाठी आणि शुभेच्छांसाठी. कायद्यात तो ‘असं करणं बरं’ एवढंच सांगतो, पण कुणाला बरं, ते मात्र पुढच्या ओळीत सांगावं लागतं.

माझ्या पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कर अशी एक ओळ होती. महिन्याला २०० रुपये कापले जात, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात. मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘सगळ्यांचाच कापतात, विचारायचं नसतं.’ दुसऱ्याने सांगितलं, महापालिकेचा असेल. अनेक वर्षं मी ते पैसे कुठे जातात हे माहीत नसताना दिले. मग एका वर्षी रोजगार हमी कायद्याची प्रुफं माझ्या टेबलावर आली आणि निधीबद्दलच्या कलमापाशी माझं बोट थांबलं.

१९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरात पगार घेणाऱ्याने महिन्याला थोडं द्यायचं आणि त्यातून खेड्यात काम मागणाऱ्याला काम द्यायचं. मुंबई-पुण्याच्या पगारातून जत-आटपाडीच्या बांधावरची मजुरी. ही गोष्ट माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला छापून येत होती आणि मला ती कुणी वाचून दाखवली नव्हती. माझी आजी जत तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर होती. आधी खडी फोडायला, मग गावाबाहेरच्या पाझर तलावावर माती वाहायला. तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायम काळं आणि वाकडं असायचं. खडीचा दगड धरताना हातोडी त्यावर बसली होती. लहानपणी मी ते नख बोटाने चाचपायची आणि ती म्हणायची, ‘ते बहात्तरचं हाय.’ जसं काही नखालाही साल असतं.

आईने त्या कामाबद्दल जे सांगितलं ते असं. ती तेव्हा बारा वर्षांची. धाकट्या भावाला बाभळीला लुगड्याची झोळी बांधून झोपवायचं आणि झोका द्यायचा, हे तिचं काम. दुपारी खायला सुकडी मिळायची, तिच्या रांगेत उभं राहायचं, हेही तिचंच. मुकादम हजेरीपटावर अंगठे घ्यायचा. मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी व्हायच्या, त्या तव्यावरच फुटायच्या. मे १९७३मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्या ५० लाखांत एक माझी आजी. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सगळ्यात आधी आठवल्या त्या बाभळीला बांधलेल्या झोळ्या. अशा किती असतील?

त्याच सुमारास आणि त्याच्याही आधीपासून सांगलीचेच एक गृहस्थ या प्रश्नाला भिडले होते. वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. त्यांनी साठच्या दशकात आपल्या तालुक्यात काम देण्याचा प्रयोग केला, त्याची पुढे योजना झाली आणि योजनेचा १९७७ साली कायदा झाला. तो २६ जानेवारी १९७९ला लागू झाला. १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकार भत्ता. २००५ साली केंद्राने देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा केला त्याच्या पाठीशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता, हे सर्वांना ठाऊक आहे.

मला इथे महाराष्ट्राच्या १९७७च्या कायद्याच्या प्रस्तावनेबद्दल बोलायचं आहे, कारण या कायद्याला खरी, पोटभर प्रस्तावना आहे. ती सुरुवातच संविधानाच्या अनुच्छेद ४१ पासून करते. कामाचा हक्क संविधानात आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे तिकडे जावं एवढंच संविधान सांगतं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने म्हटलं की ग्रामीण भागात अंगमेहनतीचं अकुशल काम करायला जो प्रौढ माणूस आपणहून पुढे येईल त्याला रोजगाराची हमी देऊन आम्ही हा हक्क पक्का करत आहोत. आणि पुढे आणखी एक गोष्ट: ही माणसं ज्या कामावर लावायची त्या कामातून समाजाला आणि अर्थव्यवस्थेला उपयोगी पडेल अशी टिकाऊ मत्ता उभी राहिली पाहिजे.

‘आपणहून पुढे येईल’ हे शब्द किती विचार करून घातले असतील! जुन्या वेठीच्या आठवणी ज्या मुलखात अजून ताज्या होत्या तिथे काम देताना हे लिहून ठेवणं भाग होतं. आणि ‘टिकाऊ’. नुसतं पोट भरायचं असतं तर खड्डा खणा आणि बुजवा म्हणता आलं असतं. हे कारण कायद्याच्या आतच लिहिलेलं असल्यामुळे कुणीही गावकरी उठून विचारू शकतो, हा रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला, मग ही टिकाऊ मत्ता कशी? कलमांत त्याचं उत्तर नसेल. प्रस्तावनेत त्याचा प्रश्न मात्र आहे. कारण लिहून ठेवण्याचा हा फायदा आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. लिहिलेलं कारण सरकारला पुढे कधीही धरता येतं.

कूळ कायद्याची प्रस्तावनाही अशीच आहे. १९४८चा मुंबई राज्याचा कायदा. त्यात सरळ म्हटलं आहे की जमीनधारकाच्या हयगयीमुळे किंवा त्याच्या आणि कुळांच्या तंट्यांमुळे जमिनीच्या कसवणुकीचं भारी नुकसान झालं असेल, किंवा शेतकऱ्याची आर्थिक आणि सामाजिक स्थिती सुधारायची असेल, तर व्यवस्था सरकारने आपल्याकडे घेणं इष्ट आहे. जमीनदाराच्या हयगयीचा उल्लेख कायद्याच्या दारातच. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली. हा कायदा आव्हान देऊन सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथे टिकला. आमच्या वडिलांकडचा दोन एकरांचा तुकडा त्याच दिवसाचा. सात-बारावर आधी इतर हक्कांच्या रकान्यात असलेलं आजोबांचं नाव मग कब्जेदाराच्या रकान्यात आलं. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो उतारा ते देव्हाऱ्याच्या मागच्या फळीवर ठेवत.

सगळी कारणं मात्र कलमांना पुरून उरत नाहीत. काही वेळा कारण एकीकडे बोट दाखवतं आणि कलम दुसरीकडे चालू लागतं.

२००५ साली विधिमंडळाने मुंबई पोलीस अधिनियमात सुधारणा करून डान्स बार बंद केले. निवेदनात कारण दिलं होतं की हे नाच स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा आणतात, तिथे त्यांचं शोषण होतं आणि याबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत. कारण वाचलं तर मान हलवावीशी वाटते. मग कलमं वाचावीत. कलम ३३-क ने परमिट रूममधले, बिअर बारमधले, खाणावळींतले नाच बंद. आणि कलम ३३-ख ने तीन तारे किंवा त्याहून वरच्या दर्जाची हॉटेलं, क्लब, जिमखाने यांना सूट. उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं, आणि बंदी टिकली नाही. स्त्रीची प्रतिष्ठा हेच कारण असेल तर हॉटेलच्या दारावर तिसरा तारा लागला की ती प्रतिष्ठा आपोआप सांभाळली जाते का? बंदीमुळे ७५,००० हून अधिक स्त्रियांचं काम गेलं, ही गोष्टही न्यायालयाने नोंदवली. ज्यांच्या भल्याचं कारण लिहिलं त्यांच्याच ताटातली भाकरी गेली.

तो निकाल मी रात्री उशिरापर्यंत वाचला होता. तोवर मी निवेदनाला प्रेमाने वाचत आले होते. त्या रात्री कळलं की निवेदनाकडे संशयानेही पाहावं लागतं, आणि संशयाने पाहता येतं ते फक्त लिहिलेल्या कारणाकडेच. कारण लिहिलंच नसतं तर कलमाच्या शेजारी ठेवून पाहायला न्यायालयाकडे काय असतं? पुढे विधिमंडळाने २०१४ मध्ये सूट काढून टाकून सगळीकडेच बंदी घातली, मग २०१६ मध्ये वेगळा कायदा केला आणि त्यातल्याही काही तरतुदी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. चौदा वर्षं एका कारणाचा आणि कलमांचा मेळ बसत नव्हता. नाचणाऱ्या बायका त्या चौदा वर्षांत काय करत होत्या, हे कुठल्याही निवेदनात आलं नाही.

न्यायालयं निवेदनाला किती मानतात, हाही सरळ प्रश्न नाही. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कलमाचा अर्थ लावायला निवेदनाचा आधार घेता येणार नाही, कारण विधेयक मांडताना जे लिहिलं ते सभागृहात दुरुस्त्या होऊन बाहेर पडलेल्या कायद्याला लागू असेलच असं नाही. निवेदन जसंच्या तसं राहतं, विधेयक मात्र बदलतं. हे तर्काला धरून आहे. त्यानंतर न्यायालयाने एवढी वाट मोकळी ठेवली की कायदा करताना आजूबाजूला परिस्थिती काय होती, कोणता दोष दूर करायचा होता, हे पाहायला निवेदन चालेल. मला ही दुसरी वाट पुरेशी वाटते. कलमाचा अर्थ कलमानेच सांगावा. पण दुखणं कुठलं होतं, हे निवेदनानेच सांगावं, दुसरं कोण सांगणार?

कधी कारण हरतं तरी मरत नाही. मुंबई राज्याने १९४९ साली समाजातून बहिष्कृत करण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. बदलत्या काळाला धरून आणि लोकहितासाठी ही प्रथा थांबवणं इष्ट आहे, असं प्रस्तावनेत म्हटलं होतं. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचं ते एक मत. मग अर्धशतकभर गावोगावी जात पंचायती माणसांना वाळीत टाकत राहिल्या, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, किराणा द्यायचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये तो लागू झाला. एका प्रुफाच्या कामात हे दोन्ही मजकूर एकाच दिवशी माझ्या टेबलावर आले. १९४९ चा पिवळा, कडा तुटलेला, आणि २०१६ चा ताज्या शाईचा. दुखणं तेच होतं.

अलीकडची निवेदनं वाचताना मात्र मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण नाही. अनेक सुधारणा विधेयकांच्या मागे लिहिलेलं असतं की अमुक अधिनियमाच्या अमुक कलमात सुधारणा करणे शासनास इष्ट वाटते, म्हणून सदर कलमात सुधारणा करण्याचे योजिले आहे, आणि वरील उद्दिष्ट साध्य करण्यासाठी हे विधेयक आहे. हे कारण झालं का? शाळेत का गेला नाहीस म्हणून विचारल्यावर मुलाने ‘गेलो नाही म्हणून’ सांगावं तसं हे आहे. कोणी अडलं होतं, कुठे, किती काळ, आधीच्या कलमाने काय बिघडत होतं, यातलं काही नसतं. ज्याला हा कायदा लागू होणार तो माणूस त्या पानावर कुठेच नसतो.

आणि अध्यादेश. त्याचा साचा तर ठरलेलाच असतो. ज्याअर्थी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नाही, आणि ज्याअर्थी तात्काळ कार्यवाही करणे आवश्यक व्हावे अशी परिस्थिती अस्तित्वात असल्याबद्दल राज्यपालांची खात्री झाली आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला तेव्हा मी ही वाक्यं पुन्हा वाचली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाला होता आणि काही दिवसांतच अध्यादेश आला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं सभागृहाच्या पायऱ्या झिजवत होते त्याच्यासाठी ‘तात्काळ’ हा शब्द वाचताना माझ्याच्याने पुढची ओळ वाचवेना. त्या साच्यात त्यांना कुठे जागा असणार? डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात कायदा मंजूर झाला. त्याचा उद्देश सांगणारं वाक्य मात्र मी पाहिलेल्या राज्याच्या कायद्यांतलं सर्वांत लांब आणि सर्वांत तळमळीचं आहे. समाजात जागृती आणावी, अज्ञानावर पोसल्या जाणाऱ्या दुष्ट प्रथांपासून सामान्य माणसाचं रक्षण व्हावं, भोंदूंच्या हातून होणारं शोषण थांबावं, समाजाची वीणच उसवते आहे ती वाचवावी. प्रुफं वाचणाऱ्या बाईला इतकं लांब वाक्य म्हणजे शिक्षा. मी ते तीनदा वाचलं, चूक शोधण्यासाठी म्हणून नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात आईला घेऊन मी तिच्या गावी गेले. तिला तो पाझर तलाव बघायचा होता. पिशवीत रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या पानाची प्रत होती, मीच ठेवलेली. बंधाऱ्याचं पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, बऱ्याच ठिकाणी ढासळलं आहे, वरच्या अंगाला गाळ साचला आहे, पण मे महिन्यातही तळाशी हिरवट पाणी होतं आणि त्यात चार म्हशी बसल्या होत्या. बाभळ कुठली, ते आईला नक्की सांगता येईना. खालच्या अंगाला दोन विहिरी दिसत होत्या, दोन्हींवर मोटारी. तलावाने त्यांना पाणी दिलं, असं तिथल्या माणसाने सांगितलं.

आम्ही बंधाऱ्यावर बसलो आणि मी तिला ती प्रस्तावना वाचून दाखवली. हळूहळू, आमच्या कामातल्यासारखी, ‘ज्याअर्थी’पाशी थांबत. कामाचा हक्क. आपणहून पुढे येणारी प्रत्येक प्रौढ व्यक्ती. टिकाऊ मत्ता. ‘मत्ता’ म्हणजे काय ते तिने विचारलं, मी समोर हात केला.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘हे लिवलं कवा?’

‘कायदा सत्याहत्तरचा. लागू झाला एकोणऐंशीला.’

‘आन् तळं त्र्याहत्तरला झालं,’ आई म्हणाली. ‘म्हंजी आमी आदी केलं. त्यास्नी मागनं लिवलं.’

तिने चप्पल काढून ठेवली, लुगडं सावरलं आणि ढासळलेल्या दगडांवरून सावकाश पाण्याकडे उतरायला लागली.